शेवटच्या दिवशी सर्व्हर का झोपतो, आणि तोवर आपण काय करायचं

जुलैचा शेवटचा आठवडा, २०१९. आमच्या गावात, म्हणजे डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. वीज सकाळीच गेली होती. आमच्याकडे वीज गेली की काही तासांत मोबाईलची रेंजही जाते, टॉवरची बॅटरी संपते म्हणून. पीएचडीच्या एका प्रवेश अर्जाची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. माझा अर्ज नव्वद टक्के भरून झाला होता. राहिलं होतं ते फक्त फी भरणं.

चुलत्यांची मोटरसायकल घेतली आणि मंचर गाठलं. कॅफेत चार कॉम्प्युटर, आणि चारही कॉम्प्युटरसमोर शेतकरी, हातात सातबारा आणि बँकेचं पासबुक. पीक विम्याची धावपळ. माझा नंबर लागायला साडेतीन वाजले. चार वाजून दहा मिनिटांनी पैसे खात्यातून कटले आणि पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग "सेशन एक्सपायर्ड". पुन्हा लॉगिन केलं तर फी "पेंडिंग". पाच वाजले. पान बंद.

दुसऱ्या दिवशी मेल केला. उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं: मुदतीत पूर्ण न झालेला अर्ज ग्राह्य धरता येत नाही. पैसे पाचव्या दिवशी परत आले. वर्ष परत आलं नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. संस्थेचं नावही सांगणार नाही, कारण चूक एकट्या संस्थेची नव्हती. मी आता ज्या विषयात काम करतेय त्याचं नाव आहे रांगांचं गणित. इंग्रजीत क्यूइंग थिअरी म्हणतात. त्या दिवशी मंचरच्या कॅफेत माझं जे झालं ते या गणिताचं पहिल्या धड्यातलं उदाहरण आहे, हे मला दोन वर्षांनी वर्गात बसल्यावर कळलं. तेव्हा जरा हसू आलं, जरा राग आला. तुम्ही नेटचा, पेटचा, फेलोशिपचा फॉर्म भरणार असाल तर तुम्हाला ते आधीच कळावं म्हणून हा लेख.

तर सुरुवात एका खिडकीपासून करू. समजा तालुक्याच्या सेतू केंद्रात एकच खिडकी आहे आणि एका माणसाच्या कामाला सरासरी दहा मिनिटं लागतात. म्हणजे तासाला सहा माणसं निघतात. आता तासाला तीन माणसं येत असतील तर एका माणसाला आत जाऊन काम करून बाहेर पडायला सरासरी किती वेळ लागेल? सूत्र सोपं आहे: एकला (निघण्याचा वेग वजा येण्याचा वेग) याने भागा. एक भागिले तीन, म्हणजे वीस मिनिटं. दहा मिनिटं काम, दहा मिनिटं रांग. ठीक आहे.

तासाला पाच माणसं यायला लागली की? एक भागिले एक, म्हणजे एक तास. तासाला सरासरी साडेपाच आली तर दोन तास. सरासरी ५.९ आली तर दहा तास. म्हणजे कागदावर खिडकी अजूनही "पुरेशी" आहे, सहाची ताकद आहे आणि येतायत सहापेक्षा कमी, तरी रांग दाराबाहेर गेलेली. आणि सहाच्या वर गेलं की सूत्रच लागू राहत नाही, रांग नुसती वाढत जाते.

इथे बहुतेकांना प्रश्न पडतो (मलाही पडला होता): येणारे निघणाऱ्यांपेक्षा कमी आहेत तर रांग लागतेच का? कारण माणसं घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी एक अशी येत नाहीत. कधी अर्धा तास कुणीच नाही, मग एसटी आली की एकदम सात जण. आणि खिडकीवरच्या माणसाचा तो रिकामा गेलेला अर्धा तास साठवून ठेवता येत नाही. भार जितका वाढतो तितकी ही तूट भरून काढायला जागा उरत नाही. अर्थात हे सूत्र काही गृहीतकांवर उभं आहे, येणं पूर्ण यादृच्छिक आहे वगैरे. खरं सेतू केंद्र इतकं सरळ नसतं. पण वक्र रेषेचा आकार तोच राहतो: बराच वेळ सपाट, आणि शेवटी भिंतीसारखी उभी.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो डेन्मार्कच्या ए. के. एरलांग यांनी, १९०९ साली. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते आणि प्रश्न अगदी व्यवहारी होता: इतक्या लोकांसाठी किती लाइनी टाकाव्यात? सर्व्हर म्हणजे तीच खिडकी. फक्त दहा मिनिटांच्या जागी काही मिलिसेकंद धरा. सेकंदाला १०० विनंत्या पेलणारा सर्व्हर ५० विनंत्यांना २० मिलिसेकंदांत उत्तर देईल, तुम्हाला जाणवणारही नाही. ९९ वर तोच एक सेकंद घेईल. दोनशे आल्या की झोपला.

आता दुसरा भाग. शेवटच्या दिवशी नक्की किती गर्दी होते? आपण म्हणतो "सगळे शेवटच्या दिवशी येतात", पण सगळे म्हणजे किती, हे कुणीतरी मोजलंय. २००७ साली नेचर फिजिक्समध्ये अल्फी, पारिझी आणि पिएत्रोनेरो यांचा एक छोटासा लेख आला. विषय काय, तर परिषदेची नोंदणी करताना माणसं मुदतीला कसा प्रतिसाद देतात. यातले जॉर्जिओ पारिझी म्हणजे ज्यांना पुढे २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेच. त्यांना आढळलं ते साधारण असं: मुदतीचा दाब उरलेल्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. उरलेला वेळ निम्मा झाला की दाब दुप्पट.

यातून एक मजेशीर हिशोब निघतो, कागद घेऊन करून बघा. वेग असा वाढत असेल, तर उरलेला वेळ दर वेळी निम्मा होताना सारख्याच संख्येने अर्ज येतात. समजा ३२ दिवसांची मुदत आहे. ३२ पासून १६ दिवस उरेपर्यंत जितके अर्ज, तितकेच १६ पासून ८ पर्यंत, तितकेच ८ पासून ४, ४ पासून २, २ पासून १. असे पाच गठ्ठे. मग शेवटचे २४ तास: २४ पासून १२, १२ पासून ६, ६ पासून ३, ३ पासून दीड, दीड तासापासून पाऊण तास. पुन्हा पाच गठ्ठे! म्हणजे ३१ दिवसांत जितके अर्ज आले तितकेच शेवटच्या एका दिवसात, आणि अजून शेवटचा पाऊण तास मोजलेलाच नाही. पहिला गठ्ठा १६ दिवसांत पसरलेला होता, शेवटचा पंचेचाळीस मिनिटांत कोंबलेला. भागाकार करा: ५१२ पट वेग. सुरुवातीची गर्दी बघून घेतलेला सर्व्हर ५१२ पट गर्दी कुठून पेलणार?

खरा आकडा दर ठिकाणी वेगळा निघेल, हे प्रारूप आहे. पण "सरकारी साईट म्हणून बंद पडते" हा आपला लाडका निष्कर्ष पुरेसा नाही, एवढं यावरून दिसतं. अमेरिकेत २०१८ साली कर भरायच्या शेवटच्या दिवशी, १७ एप्रिलला, त्यांच्या कर खात्याची ऑनलाइन यंत्रणा बंद पडली आणि त्यांना एक दिवस मुदत वाढवून द्यावी लागली. २०१३ मध्ये तिथे कॉलेज प्रवेशाचा सामायिक अर्ज असाच अडखळला आणि बऱ्याच कॉलेजांनी तारखा पुढे ढकलल्या.

आपल्याकडचं ताजं उदाहरण अकरावीचं. २०२५ पर्यंत अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरता होता. जुन्नर-आंबेगावातली पोरं दहावीचा निकाल घेऊन थेट कॉलेजात जायची, फॉर्म हाताने भरायची. २०२५-२६ पासून तो सगळ्या राज्याला लागू झाला. निकाल १३ मे ला लागला, नोंदणी २१ मे ला सुरू झाली आणि त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं. शेवटी नोंदणी २६ मे पासून नव्याने सुरू करावी लागली. इथे लक्षात घ्या, ही शेवटच्या दिवसाची गर्दी नव्हती, पहिल्या दिवसाची होती. "अमुक वाजता सुरू" असं जाहीर केलं की सगळे त्याच मिनिटाला दार ठोठावतात. कोविन आठवतंय ना? २८ एप्रिल २०२१, संध्याकाळी चार, अठरा वर्षांवरील सगळ्यांसाठी नोंदणी. तेच झालं होतं.

म्हणून माझा सल्ला जरा वेगळा आहे. पहिल्या दिवशीही जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सकाळी सहा-सातला भरा. त्या वेळी सर्व्हरही मोकळा आणि आपल्याकडे रेंजही जरा बरी.

आता रिफ्रेशबद्दल. पान अडकलं की आपण काय करतो? परत दाबतो, परत परत दाबतो, दुसऱ्या टॅबमध्ये उघडतो, बहिणीच्या फोनवरूनही लावतो. तुमची पहिली विनंती अजून रांगेतच असते. तुम्ही रिफ्रेश केलं की पहिलीचं उत्तर घ्यायला कुणी उरत नाही, पण बऱ्याचदा सर्व्हर तिच्यावर काम करतोच, आणि वर दुसरी रांगेत लागते. त्यात लॉगिनची वेळ संपली की तुम्ही पहिल्यापासून सुरू करता, म्हणजे आणखी दहा पानांचा भार. गर्दीमुळे पान अडकतं आणि पान अडकल्यामुळे गर्दी वाढते.

यावर कॉम्प्युटरांनी आपसात एक तोडगा काढलाय. १९७० च्या दशकात इथरनेट आलं तेव्हा एकाच तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली की दोघांचाही संदेश वाया जायचा. उपाय असा: धडक झाली की थोडा यादृच्छिक वेळ थांबा, पुन्हा धडक झाली की थांबायची मर्यादा दुप्पट करा, मग परत दुप्पट. आपणही तेच करावं. एक मिनिट थांबा, मग दोन, मग चार, मग आठ. अर्थात शेवटचा अर्धा तास उरला असेल तर हा संयम कुणाला जमतो, मलाही जमला नसता. त्यासाठी हातात दिवस लागतात. तेच तर म्हणतेय.

खरी मुदत कोणती, हा आमच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सूचनेत लिहिलेलं असतं रात्री ११:५९. ही वेळ शहरात बसलेल्या माणसाने ठरवलेली असते. घोडेगाव किंवा ओतूरचा कॅफे आठ-नऊला बंद होतो. त्यानंतर उसाच्या कडेने मोटरसायकलवर घरी यायचं म्हणजे बिबट्याचा विचार करावाच लागतो, जुन्नरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र काही हौसेने उभं राहिलेलं नाही. मुलींना तर घरून परवानगीच सातपर्यंत. म्हणजे तुमची मुदत ११:५९ नाही, संध्याकाळी साडेसहा आहे. त्यातून विजेचा एक दिवस वजा करा, पावसाळा असेल तर दोन. गुरुवार दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार असतो, तोही वजा करा. उरली ती तुमची तारीख. ती भिंतीवर लिहा, छापलेली नाही.

परदेशी अर्जांत उलट होतं. तिथे कधी कधी "एनीव्हेअर ऑन अर्थ" असं लिहिलेलं असतं. म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख अजून चालू आहे तोवर अर्ज चालतो. ३१ डिसेंबरची ११:५९ ही आपल्याकडे १ जानेवारीची संध्याकाळी ५:२९ होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ असेल तर हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. हे माहीत असलं की घाबरगुंडी कमी होते, पण यावर विसंबून झोपू नका.

आणि रांग फक्त तुमच्या अर्जाची नसते. हे मला मंचरमध्ये कळायला हवं होतं. तुमच्या तालुक्यातली तीच चार यंत्रं, तेच दोन ऑपरेटर, सगळ्या योजनांच्या सगळ्या मुदती वाहतात. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला तेव्हा सर्व्हरच्या अडचणींमुळे मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत न्यावी लागली. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. आधी १५ जुलैची मुदत, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्या पंधरवड्यात ज्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता त्याला विचारा. म्हणून संशोधनाच्या तारखांसोबत गावाच्या तारखाही वहीत लिहा. जून-जुलैत दाखला काढायचा नाही, मार्च-एप्रिलमध्ये काढून ठेवायचा.

दाखल्यांत एक खड्डा असा की त्यात दरवर्षी कुणीतरी पडतं. ओबीसी असाल तर नेटसारख्या केंद्रीय परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रिमी लेयर प्रमाणपत्र लागतं, राज्याचं नाही. दोन्ही वेगळी असतात आणि हे शेवटच्या दिवशी कळलं तर तहसीलला जाऊन काही उपयोग नाही. पश्चिम पट्ट्यातल्या आपल्या आदिवासी मुलांनी जात वैधता प्रमाणपत्राचं काम पदवीच्या पहिल्या वर्षालाच लावावं, त्याला महिने जातात. नाव तिन्ही ठिकाणी एकच आहे का ते बघा: दहावीची गुणपत्रिका, आधार, बँक. वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही, यावरून अर्ज अडकलेले मी पाहिलेत.

फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवून, दाखले पीडीएफ करून, एक फोल्डर फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःलाच मेल करून ठेवा. कॅफेत गेल्यावर व्हॉट्सॲपवरून फोटो मागवत बसलात तर तो वेळ तुमच्याच रांगेत मोजला जातो. आणि कॅफेवाल्या दादाचा मोबाईल नंबर किंवा मेल अर्जात टाकू देऊ नका, कितीही घाई असली तरी. पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. तो चांगला माणूस असेल हो, पण हॉल तिकिटाच्या दिवशी तो यात्रेला गेलेला असतो.

फी कटली आणि अर्ज पेंडिंग, हे झालं तर? पैशाची काळजी करू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे कार्डाने किंवा यूपीआयने दुकानदार-संस्थेला केलेला व्यवहार फसला तर पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. मुदतीला चार दिवस असतील तर थांबा, स्थिती तपासत राहा. पण मुदत आजच असेल तर माझं स्पष्ट मत: अर्ध्या तासात "सक्सेस" आलं नाही तर दुसऱ्यांदा भरा, जमल्यास दुसऱ्या मार्गाने. यूपीआय अडकलं तर कार्ड, कार्ड नसेल तर कुणाचं तरी नेट बँकिंग. त्या दिवशी माझ्या खात्यात दुसऱ्यांदा भरण्याइतके पैसे नव्हते. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, अर्जाच्या आठवड्यात खात्यात दुप्पट फी ठेवा. घरी मागायला लाज वाटते, माहीत आहे. तरी मागा.

आणि पुरावा. अडचण येताच स्क्रीनशॉट, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. व्यवहार क्रमांक लिहून घ्या. मग मुदत संपायच्या आत, अर्धवट अर्ज असतानाच, मदत कक्षाला मेल टाका. विषयात अर्ज क्रमांक, आत चार ओळी: किती वाजता काय केलं, पडद्यावर काय आलं, सोबत काय जोडलंय, काय हवंय. वीज गेली, पाऊस होता, आजी आजारी होती हे लिहू नका, खरं असलं तरी. त्यांना त्यांच्या यंत्रणेत शोधता येईल अशी गोष्ट लिहा. ४:१० ला पाठवलेला मेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलेला मेल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझा दुसऱ्या दिवशीचा होता, आणि स्क्रीनशॉट एकही नव्हता.

मुदतवाढ होईल का? पुष्कळदा होते, एनटीए किती वेळा वाढवते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण वाढते ती हजारो लोक एकदम अडकल्यावर. तुमच्या वाडीचा डीपी जळला म्हणून कुणी वाढवत नाही.

२०२० ला मी तोच अर्ज मुदतीच्या अकरा दिवस आधी भरला. सकाळी साडेसहाला, घराच्या मागच्या टेकाडावर बसून, फोनवरून. चौदा मिनिटं लागली, मी मोजली होती.

जाता जाता एक काम. तुमच्यापैकी कुणाला संशोधन म्हणजे काय ते करून बघायचं असेल तर ओळखीच्या कॅफेवाल्याला किंवा सेतू केंद्राला विचारा, एका योजनेचे रोज किती अर्ज भरले गेले. नावं नकोत, नुसते रोजचे आकडे. एकूण अर्जांची बेरीज उभ्या अक्षावर, आडव्या अक्षावर उरलेल्या दिवसांचा लॉगरिदम. सरळ रेषा आली तर पारिझींचा नियम नारायणगावातही चालतो. नाही आली तर आणखी मजा, मग का नाही आली ते शोधावं लागेल. मुदतवाढ मधेच झाली असेल तर तो आलेख कसा दिसेल, हे मला स्वतःलाच अजून बघायचंय. आकडे मिळाले तर मला पाठवा.